वरातीमागून टेक्नो

आमच्या खान्देशात 'भूमिगत' या शब्दाचे दोनच अर्थ प्रचलित आहेत. पहिला बेचाळीसच्या चळवळीतला. साने गुरुजी १९४२ साली भूमिगत झाले, म्हणजे पोलिसांना सापडेनासे झाले, हे आम्ही शाळेत शिकलो. दुसरा अर्थ गटारींचा. भूमिगत गटारी होणार, होणार, असं ऐकत आमची पिढी लहानाची मोठी झाली. गुरुजी निदान पुढच्या वर्षी पोलिसांना सापडले; गटारींचा तपास त्या मानाने रेंगाळला.

तिसरा अर्थ मला फार उशिरा कळला. युरोप-अमेरिकेत म्हणे नाचसुद्धा भूमिगत असतो!

त्याची हकीकत अशी. अमेरिकेत डेट्रॉइट नावाचं मोटारींचं शहर आहे. तिथे हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या तीन शाळासोबत्यांनी १९८०च्या दशकात यंत्रांवर एक संगीत तयार केलं. गायक जवळजवळ नाहीच, शब्दही बेताचेच, नुसतं 'धब धब धब धब'. शेजारी कुणी मसाला कुटत असावं आणि कुटणाऱ्या बाईला जरा लय असावी, तसं. याला टेक्नो म्हणतात. हे कुटणं पुढे बर्लिनला पोचलं. तिथली भिंत नोव्हेंबर १९८९ मध्ये पडली आणि पूर्वेकडे ओस पडलेल्या इमारतींत पोरं शिरली. वेर्टहाइम नावाच्या एका जुन्या मोठ्या दुकानाचं तळघर रिकामं होतं. त्यात तिजोऱ्या होत्या. १९९१ साली तिथे नाचाचा क्लब निघाला आणि त्याचं नावच 'ट्रेझोर', म्हणजे तिजोरी, असं ठेवण्यात आलं. मंडळी मध्यरात्री आत जायची आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर डोळे चोळत बाहेर यायची.

आता ही मंडळी साठीकडे आली आहेत. गुडघे कुरकुरतात. त्यामुळे ती आठवणी लिहितात. 'आता ती मजा राहिली नाही, आताच्या पोरांना काय कळणार?' हे वाक्य जर्मन भाषेतही आपल्याइतक्याच कळवळ्याने लिहिता येतं, हे पाहून मला मनुष्यजातीबद्दल आपलेपणा वाटू लागला. आणि मग वाटलं, अरेच्चा! आठवणी तर आपल्याकडेही आहेत. आपण का गप्प बसायचं?

कारण त्याच बर्लिनमध्ये १ जुलै १९८९ रोजी 'लव्ह परेड' नावाचा एक प्रकार झाला. सुमारे दीडशे माणसं, पुढे भोंगे लावलेली गाडी, गाडीवर मोठमोठ्याने गाणी, आणि मागे मंडळी भर रस्त्यात नाचताहेत. सरकारदरबारी तिची नोंद राजकीय मोर्चा अशी होती आणि घोषणेचा मथितार्थ होता, 'शांतता, आनंद आणि धिरडी!' दहा वर्षांत तिथे लाखोंनी माणसं येऊ लागली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी या अपूर्व कल्पनेचं कौतुक केलं.

आता तुम्हीच सांगा मंडळी, गाडीवर गाणी, मागे दीडशे माणसं आणि वाहतूक बंद, याला आपल्याकडे काय म्हणतात? वरात! फक्त नवरदेव तेवढा नव्हता. धिरड्यांच्या जागी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी घातली की धुळ्याचा आग्रा रोड तयार.

आमच्याकडे नाच रात्रीचाच का, याचं कारण भौगोलिक आहे. लग्नं वैशाखात आणि वैशाखात जळगावचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर. भर दुपारी सुभाष चौकात कुत्रंसुद्धा नाचायचं नाही. म्हणून वरात निघे ती जेवणं आटोपल्यावर, रात्री नऊ-दहाला, आणि हलतडुलत मांडवाशी परत येई ती एक-दीडला. धुळ्याला तर खास सोय. कॅप्टन ब्रिग्जसाहेबाने १८१९ च्या सुमारास नवी पेठ आखली ती सरळ रेषांत, आणि जुन्या भागातल्या गल्ल्यांना नावाऐवजी नंबर. न्यूयॉर्कला रस्त्यांना नंबर आहेत याचं लोकांना अप्रूप वाटतं. आम्ही चार नंबरच्या गल्लीतून निघून पाच नंबरच्या गल्लीत नाचत शिरलेलो आहोत. दोन्हींमधलं अंतर चालत तीन मिनिटांचं. वरातीला पाऊण तास लागे.

माझी उमेदवारी सत्तरच्या दशकातली. वरातीचा थाट असा असे. दोन्ही बाजूंना डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बायकांची रांग. मध्ये वीसएक जणांचा बँड : क्लॅरिनेट, पिपाण्या, पोटावर मावणार नाही असा ढोल आणि खुळखुळे वाजवणारा एक पोरगा. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुलपं. ही फौज मूळ इंग्रजांच्या पलटणींची. इंग्रज गेले, पलटणींचे बँड लग्नाला राहिले. वाद्यंही साहेबी, पण घडवणारे आपलेच : मीरतला १८८५ साली निघालेली नादिर अली यांची कंपनी ती बनवते.

गाण्यांचं शिक्षण रेडिओवर. दर बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची, ती आम्ही करमणूक म्हणून ऐकायचो आणि बँडवाले अभ्यासक्रम म्हणून. कानानं धरायचं आणि बोटात उतरवायचं. शुक्रवारच्या लग्नात नवं गाणं हजर!

पण वरातीचा प्राण एकच : नागिन. सगळा बँड एकदम थांबायचा. ढोल श्वास धरून राहायचा. मग क्लॅरिनेटवाले मास्तर दोन पावलं पुढे येत आणि ती वळवळती सुरावट सोडत. त्यासरशी आठवडाभर फायलींत मान घालून बसणारे कुणी हेडक्लार्क हातरुमालाचं एक टोक दातात धरून, टेरिलीनच्या नव्या शर्टासकट, थेट डांबरी रस्त्यावर आडवे होत. घरी मुलांनी मोठ्याने हसलेलंही न चालणारा हा गृहस्थ फणा काढून डोलतो आहे आणि त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून पुंगी वाजवतो आहे तो त्याचा सख्खा साडू, ज्याच्याशी वाटणीवरून तीन वर्षं बोलणं बंद आहे! कोर्टात न मिटलेली किती भांडणं या गारुड्याने मिटवली, याची नोंद व्हायला हवी होती.

आता खरी गंमत ऐका. 'नागिन' हा चित्रपट १९५४ चा, संगीत हेमंतकुमारांचं. त्यातलं ते बीन मुळात बीन नव्हतंच! ते वाजवलं होतं कल्याणजींनी, पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून गाजले त्यातल्या कल्याणजींनी, क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या पेटीवर. ही पेटी कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ साली शोधून काढली. म्हणजे विजेच्या पेटीने पुंगीची नक्कल केली आणि आमच्या मास्तरांनी लाकडी क्लॅरिनेटवर त्या विजेच्या पेटीची नक्कल केली. यंत्राचं संगीत आणि माणसाचा नाच यांची डेट्रॉइटमध्ये गाठ पडण्याच्या तीस वर्षं आधी खान्देशात लग्न लागून गेलं होतं. टेक्नो आला तो वरातीमागून!

हे मी खान्देशी अभिमानाने बोलत नाही, असं नाही. पण पुरावा मुंबईतही आहे. चरणजित सिंग नावाचे चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे एक वादक होते. त्यांनी १९८२ साली दहा रागांची एक तबकडी काढली. साथीला तबलजी नाही, रोलँड कंपनीची दोन जपानी यंत्रं : एक तालाचं, एक खर्जाचं. तबकडी कुणी फारशी घेतली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या पोरांनी त्याच खर्जाच्या यंत्रातून तसाच आवाज काढला, तेव्हा जगात नवं युग सुरू झाल्याचं जाहीर झालं. २०१० साली ती तबकडी पुन्हा निघाली तेव्हा साहेब चकित झाला. आपण चकित झालो नाही. आपल्याकडे शोध लावणाऱ्याचं नाव विचारायची पद्धतच नाही.

तीच गोष्ट साक्री तालुक्याच्या पश्चिमेच्या डोंगरांतली. तिथे मार्गशीर्षात कोकणा आणि भिल्ल मंडळी डोंगऱ्या देवाचा उत्सव करतात. दुधी भोपळा आणि बांबूच्या नळ्या जोडून केलेली पावरी एकसारखी घुमत राहते आणि माणसं रात्र-रात्र फेर धरतात. कुणाच्या अंगात वारं येतं. लोक 'ट्रान्स'च्या शोधात विमानाने गोव्याला, अंजुण्याच्या किनाऱ्यावर गेले. साक्रीला एस. टी. जाते.

तर नाव विचारण्याची गोष्ट. बर्लिनच्या आठवणींत एक भाग नेहमी येतो : तळघरात गेलं की कोण श्रीमंत, कोण गरीब काही उरायचं नाही. आमच्या वरातीबद्दलही असं म्हणायचा मोह होतो. हेडक्लार्क, हमाल, सराफ बाजारातले शेठ आणि त्यांचा ड्रायव्हर एकाच फेरात नाचत. बाजूला उभ्या पोराला कुणीतरी हाताला धरून ओढायचंच, "काबरं नाची नई राहना रे भो?" हे खरंच. पण फेर कुठे संपायचा, तेही सांगायला हवं. तो गॅसबत्तीच्या उजेडाबरोबर संपायचा. ती बत्ती ज्या बाईच्या डोक्यावर, ती स्वतः अंधारात. आणि वाजवणारे फेराच्या बाहेर.

आमच्या घरातल्या एका लग्नात मी, वय वर्षं नऊ, मागच्या दारी गेलो. तिथे पायरीवर मास्तर बसले होते. लाल कोट घडी करून शेजारी ठेवलेला, अंगात विरलेली बंडी, मांडीवर पत्रावळ. मांडवात शेवटची पंगत चालली होती, तिच्यात जागाही होती. ज्यांच्या एका फुंकरीवर अख्खी आळी लोळण घेत होती, ते सेनापती मांडवाबाहेर जेवत होते. मी वडिलांना विचारलं, "मास्तर आत का नाही बसले?" वडील म्हणाले, "त्यांना तिथंच बरं वाटतं." त्यांना काय वाटतं, हे त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. बहुतेक बँडवाले कोणत्या वस्तीतून येत आणि पंगतीत का नसत, हे मला पुढे कळलं. पावसाळ्यात लग्नं थांबली की तेच मास्तर सायकलींची पंक्चरं काढताना दिसत. मी सायकल घेऊन गेलो की हसून विचारायचे, "काय नवरदेव, कधी?"

आमच्या काळाचं कौतुक सांगताना एवढा हिशेब द्यायला हवा. आणखी एक. आमच्या वरातीत बायका नाचत नसत. त्या ओट्यावरून बघत. त्यांचा दिवस श्रावणात, कानबाईच्या मिरवणुकीत. आता मुली, सुना, आत्या-मावश्या भर चौकात नाचतात आणि पुरुषमंडळींपेक्षा तालात नाचतात. ही मजा आमच्या वेळेला नव्हती, हे कबूल.

मग कॅसिओ आला, ज्याला आम्ही 'कॅशिओ' म्हणतो. ऑक्टोपॅड आला. बँड पायी चालायचा तो गाडीवर चढला. वीसाचे दहा झाले, दहाचे पाच. मग डी. जे. आला आणि पाचाचा एक झाला. एक पोरगा, एक लॅपटॉप आणि भिंतीएवढे बॉक्स. खिडक्यांची तावदानं आपणहून नाचतात. म्हाताऱ्यांच्या छातीत धब धब होतं ते टेक्नोचं की डॉक्टरला बोलवायचं, हे समजत नाही. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले : रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद. पावणेदहाला हवालदार मनगटावरचं घड्याळ दाखवत उभे राहतात आणि यजमान हात जोडतात, "साहेब, शेवटचं एक!" तिकडे पश्चिम बर्लिनने दुकान बंद करायची वेळच १९४९ साली रद्द केली. पण तिकडे तळघरं आहेत, भिंती जाड आहेत. आमची वरात उघड्यावर आणि शेजारच्या घरात दहावीचा अभ्यास. नियम योग्यच आहे. क्लॅरिनेट असती तर तिने तावदानं फोडली नसती, एवढंच.

मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नोची नोंद आपल्या देशाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. तळघरात घाम गाळणाऱ्या पोरांची सरकारी वहीत नोंद झाली! मला हेवा वाटला तो या वहीचा. वह्यांची हौस आपल्या धुळ्यालाही आहे. इतिहासाचार्य राजवाडे दारोदार हिंडून जुनी दप्तरं गोळा करत. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात १९२७ पासून उभं आहे. आता कुणा तरुणाने तसंच दारोदार हिंडावं. सत्तरी ओलांडलेले वाजवणारे गल्लीबोळांत अजून आहेत. त्यांच्याकडून लिहून घ्यावं : कुठलं गाणं कुठल्या साली आलं, पिपाणी कुणाकडून शिकलात, गॅसबत्ती कोण धरायचं, आणि जेवायला कुठे बसवायचे.

आमच्याकडे लग्नपत्रिकेवर आजोबांपासून 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या तान्ह्या पोरापर्यंत सगळ्यांची नावं असतात. त्या क्लॅरिनेटवाल्यांचं नाव मात्र आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. मास्तर, एवढंच. वरातीमागून घोडे येतात, टेक्नोही आला. आता वरातीमागून निदान नावं तरी यावीत.