बिनआरशाचा कॅमेरा आणि जुनीं भिंगें



जुन्नरहून पश्चिमेस सह्याद्रीच्या कड्याकडे निघालें म्हणजे नाणेघाट लागतो. कोंकणांतून वर येणाऱ्या व्यापाऱ्यांची ही प्राचीन वाट. घाटमाथ्याजवळच्या लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख कोरलेला आहे आणि मागच्या भिंतीवर एके काळीं त्या राजघराण्यांतील व्यक्तींच्या मूर्ति ओळीनें उभ्या होत्या. वर कोरलेलीं नांवें आजहि वाचतां येतात. खालीं पावलांच्या खुणांपलीकडे फारसें कांहीं उरलेलें नाहीं. सिमुक सातवाहनाची मुद्रा कशी होती, हें जाणण्याचें साधन आपल्यापाशीं नाहीं. शेजारच्या आंबेगांव तालुक्याची कथा निराळी, पण तितकीच बोलकी आहे. ज्या गांवानें तालुक्यास नांव दिलें, तें मूळ आंबेगांवच डिंभे धरणाच्या जलाशयांत गेलें. त्या गांवची एखादी गल्ली, एखादा वाडा आज पाहावयाचा झाला, तर पाणी चढण्यापूर्वीं कोणी घेतलेल्या छायाचित्रांतच पाहावा लागेल.

वस्तु नाहींशी होण्यापूर्वीं तिचें चित्र घेऊन ठेवावें, अशा इच्छेनें कॅमेरा हातीं घेणारे तरुण या मुलखांत पुष्कळ आहेत. आतां बाजारांत येणारा नवा कॅमेरा बहुधा बिनआरशाचा, म्हणजे मिररलेस, असतो. तो घरीं आला कीं प्रश्न उभा राहतो : यास कोणतें भिंग चालेल? कपाटांत वडिलांचें जुनें भिंग पडलेलें असतें. बंद पडलेल्या एखाद्या स्टुडिओचीं भिंगें स्वस्तांत विकावयास निघालेलीं असतात. आणि नव्या भिंगाची किंमत कित्येकदां कॅमेऱ्याहूनहि अधिक भरते. प्रश्न दिसावयास दुकानदारीचा आहे, परंतु त्याचें उत्तर इतिहासांत आहे. आणि तो इतिहास म्हणजे मुख्यतः एका अंतराचा इतिहास होय.

तें अंतर कोणतें? उन्हांत भिंग धरून कागद जाळणाऱ्या मुलास तें ठाऊक असतें. भिंग कागदाच्या फार जवळ नेलें किंवा फार दूर धरलें तर प्रकाश पसरतो. एका ठराविक अंतरावरच सूर्याचा ठिपका बारीक व प्रखर होतो. कॅमेऱ्यांतहि हेंच घडतें. दूरच्या डोंगराचें स्पष्ट चित्र भिंगामागें एका नेमक्या ठिकाणींच उमटतें, आणि फिल्म किंवा आजचा सेन्सर बरोबर तेथेंच असावा लागतो.

छायाचित्रणाच्या प्रारंभीं ही अडचण कोणास जाणवली नाहीं. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे विद्वान् तिच्यांत होते. त्या काळचे कांचेच्या पट्टीचे कॅमेरे मोठे व ओबडधोबड. पुढें भात्याचा कॅमेरा रूढ झाला. पुढच्या फळीवर भिंग, मागें कांचेची पट्टी, आणि मध्यें लोहाराच्या भात्यासारखी मागेंपुढें सरकणारी कातड्याची घडी. भिंग कोणत्याहि कारखान्याचें असो, फळीला भोंक पाडून तें बसवावें आणि चित्र स्पष्ट होईपर्यंत भाता सरकवावा. अटी दोनच : भाता पुरेसा लांब हवा, आणि भिंगानें पाडलेलें प्रकाशाचें वर्तुळ सबंध पट्टी झांकील एवढें हवें. भिंग आणि कॅमेरा यांचें गोत्र जुळतें कीं नाहीं, असा प्रश्न त्या काळीं नव्हताच.

हें स्वातंत्र्य चित्रपटाच्या कॅमेऱ्यानें आणि त्याच्या अरुंद फिल्मनें संपविलें. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं स्वतः चित्रपटाचा कॅमेरा तयार केला आणि १९२० सालचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट काढला. अशा यंत्रांत भात्याची सैल सोय चालत नाहीं; बोटभर रुंद फिल्मवरचें चित्र पुढें पडद्यावर शेंकडों पट मोठें व्हावयाचें असल्यानें भिंगाची जागा केंसभरहि चुकून भागत नाहीं. हीच ३५ मिलिमीटर रुंदीची चित्रपटाची फिल्म जर्मनींतील ऑस्कर बार्नाक या कारागिरानें हातांत मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्यांत घातली. लाइट्झ कारखान्याचा हा लायका कॅमेरा १९२५ सालीं बाजारांत आला. त्याचें भिंग प्रथम कायमचें जोडलेलें होतें. १९३० सालीं बदलतां येणारीं भिंगें आलीं, परंतु प्रत्येक भिंग त्या त्या कॅमेऱ्याशीं कारखान्यांत जुळवून घ्यावें लागे. एकाचें भिंग दुसऱ्याच्या कॅमेऱ्यास बिनचूक बसेल अशी खात्री नसे. १९३१ सालीं भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचें अंतर २८.८ मिलिमीटर असें पक्कें ठरविण्यांत आलें, आणि कोणतेंहि लायका भिंग कोणत्याहि लायका कॅमेऱ्यास चालूं लागलें. छायाचित्रकार ज्याला माउंट म्हणतात, त्या बैठकीचें खरें महत्त्व तिच्या आंट्यांत नसून या मापांत आहे.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. लायकांत आरसा नव्हता. छायाचित्रकार बाजूच्या खिडकींतून पाही. भिंगास काय दिसतें हें प्रत्यक्ष त्याला दिसत नसे. ही उणीव दूर करण्याकरितां भिंगामागें तिरपा आरसा बसवून चित्र वर फेंकण्याची जुनी युक्ति छोट्या कॅमेऱ्यांत आली. ड्रेस्डेन येथील एक्झॅक्टा हा ३५ मिलिमीटर फिल्मचा आरशाचा कॅमेरा १९३६ सालचा. १९४९ सालच्या काँटॅक्स एस या कॅमेऱ्यांत आरशावर पंचकोनी लोलक आला आणि चित्र डोळ्यासमोर सरळ दिसूं लागलें. सोय मोठी झाली, पण तिची किंमतहि द्यावी लागली. आरसा वर उचलला जावा म्हणून भिंग फिल्मपासून दूर नेणें भाग पडलें. काँटॅक्स एसच्या ४२ मिलिमीटर आंट्यांच्या बैठकीचें अंतर ४५.४६ मिलिमीटर झालें. १९५९ सालच्या निकॉन एफचें ४६.५, १९८७ सालच्या कॅनन ईएफचें ४४. रुंद दृश्य टिपणारीं भिंगें फिल्मच्या जवळ असावीं लागत; त्यांना आरशाच्या पुढें नेण्यासाठीं १९५० सालीं फ्रान्समधील आंजेन्यू यांनीं वेगळ्याच रचनेचें भिंग काढलें. सारांश, पुढें सुमारें अर्धे शतक भिंगांची घडण आरशाच्या सोयीनें होत राहिली.

या व्यवस्थेंत कित्येक चांगलीं भिंगें पोरकीं झालीं. कॅननच्या पूर्वीच्या एफडी भिंगांचें अंतर ४२ मिलिमीटर होतें. १९८७ सालीं कंपनीनें ४४ मिलिमीटरची नवी बैठक आणली, तेव्हां जुनें भिंग नव्या कॅमेऱ्यावर स्पष्ट चित्र देण्यासाठीं दोन मिलिमीटर आंत रुतवावें लागलें असतें. तें अशक्य होतें. भिंग निर्दोष असूनहि केवळ दोन मिलिमीटरनीं निरुपयोगी ठरलें.

मग सेन्सर आला, आणि भिंगास दिसणारें दृश्य आरशावांचून छोट्या पडद्यावर दाखवितां येऊं लागलें. २००८ सालीं मायक्रो फोर थर्ड्स ही बैठक निघाली. तिचें अंतर १९.२५ मिलिमीटर. २०१० सालीं सोनी ई, १८ मिलिमीटर. २०१२ सालीं फूजी एक्स, १७.७, २०१८ सालीं निकॉन झेड, १६, आणि कॅनन आरएफ, २०. आरसा गेला आणि त्याची जागा मोकळी झाली. या मोकळ्या जागेंत एक पोकळ नळी बसविली कीं जुनें भिंग पुन्हां आपल्या योग्य अंतरावर उभें राहतें. एफडी भिंग आरएफ कॅमेऱ्यावर बसवावयाचें तर ४२ उणे २०, म्हणजे २२ मिलिमीटरची नळी. निकॉन एफचें भिंग सोनीवर, तर २८.५ मिलिमीटरची. ज्या बेरीज-वजाबाकीनें भिंगांना घराबाहेर काढलें, तिनेंच त्यांना परत आंत घेतलें. भात्याच्या कॅमेऱ्याचें गेलेलें स्वातंत्र्य हें असें परत आलें.

म्हणून निवडीचा पहिला नियम असा : भिंगाचें अंतर कॅमेऱ्याच्या अंतराहून मोठें असावें. नळी, म्हणजे अॅडॉप्टर, घेतांना ती नेमकी आहे कीं नाहीं तें पाहावें. किंचित् आंखूड असली तर विशेष बिघडत नाहीं. मात्र लांब असली तर लेण्याद्रीच्या पायऱ्यांवरून समोरचा शिवनेरी कधींच स्पष्ट येणार नाहीं. दुसरा नियम प्रकाशाच्या वर्तुळाचा. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या पूर्ण चौकटीसाठीं केलेलें भिंग लहान सेन्सरवर चालतें, परंतु दृश्याचा मधलाच भाग मिळतो. २८ मिलिमीटरचें रुंद भिंग एपीएस-सी सेन्सरवर जवळजवळ ४२ मिलिमीटरसारखें, आणि मायक्रो फोर थर्ड्सवर ५६ मिलिमीटरसारखें दिसतें. उलट, लहान सेन्सरचें भिंग मोठ्या सेन्सरवर लावल्यास कोपरे काळे पडतात. तिसरा नियम विजेच्या संदेशांचा. ज्या जुन्या भिंगावर छिद्र लहानमोठें करण्याचें कडें आहे, तें साध्या नळीवरहि सुखानें चालतें. कॅननच्या ईएफ भिंगांना असें कडें नाहीं. त्यांना विजेचे संदेश नेणारी नळी लागते. निकॉनच्या एफटीझेड नळींत मोटर नाहीं, त्यामुळें कॅमेऱ्याच्या मोटरवर फिरणारीं जुनीं एएफ-डी भिंगें हातानेंच जुळवावीं लागतात. साधी नळी लावल्यावर कॅमेऱ्यास भिंग आहे हेंच कळत नाहीं. म्हणून ‘भिंगाशिवाय चित्र घेणें’ ही सोय त्याच्या यादींत सुरू करावी, आणि कंप आंवरण्याची योजना असल्यास भिंगाचें नाभ्यंतर आपल्या हातानें नोंदवावें.

या नियमांनीं भिंग बसतें कीं नाहीं तें कळलें. तें घ्यावें कीं नाहीं, हें मात्र समोरची वस्तु ठरविते. नाणेघाटाचा शिलालेख हलत नाहीं. त्याला वेगवान् यंत्रणा नको. सावकाश जुळवितां येणारें, कडेचीं अक्षरें न ताणणारें ५० मिलिमीटरचें जुनें भिंग, एक तिपाई आणि बाजूनें पडणारा तिरपा प्रकाश एवढें पुरतें. कपाटांतल्या भिंगानें येथें नव्याच्या तोडीचें काम होतें. तुळजा लेण्यांतील बारा खांबांचें वर्तुळाकार चैत्यगृह घ्यावयाचें असल्यास मागें सरण्यास जागा नाहीं. तेथें रुंद भिंग हवें, आणि तें नव्या बैठकीसाठींच घडविलेलें घ्यावें, कारण आरसा गेल्याचा खरा लाभ रुंद भिंगांच्या घडणीसच झाला आहे. भीमाशंकरच्या रानांत फांदीवरून फांदीवर झेंप घेणारा शेंकरू, किंवा उंसाच्या कडेनें दूरवर क्षणभर दिसणारा बिबट्या यांच्यासाठीं कॅमेऱ्याशीं बोलणारें, स्वतः जुळणारें दूरचें भिंग लागतें. तेथें स्वस्ताईचा मोह धरूं नये, आणि भिंगाची उणीव बिबट्याच्या जवळ जाऊन तर मुळींच भरून काढूं नये.

हा अंतराचा नियम केवळ हौशी लोकांच्या खेळाचा नव्हे, हें पाहावयाचें असल्यास जुन्नर तालुक्यांतच खोडदला जावें. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभारलेल्या तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आहेत. कॅमेऱ्यानें आरसा टाकला. येथें तारांच्या जाळीचा आरसा हेंच सर्वस्व आहे. थाळीपासून सुमारें साडेअठरा मीटर वर, तिच्या नाभीवर, निरनिराळ्या तरंगलांबींचे ग्राहक बसविलेले असतात आणि पाहिजे तो फिरवून समोर आणतां येतो. छायाचित्रकार भिंगें बदलतो, ज्योतिषी ग्राहक बदलतो. नेमक्या अंतराचें बंधन दोघांनाहि सारखेंच.

शेवटीं जुनें भिंग विकत घेणाऱ्यास एक सूचना. सह्याद्रीच्या पावसाळ्यांत भिंगाच्या कांचांवर बुरशी धरते. घेण्यापूर्वीं भिंग उजेडासमोर धरून आरपार पाहावें. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले तर सोडून द्यावें. छिद्राच्या पात्यांवर तेल उतरलें आहे काय, तेंहि पाहावें. घरचें भिंग असल्यास ओल शोषणाऱ्या पुड्यांसह हवाबंद डब्यांत ठेवावें आणि अधूनमधून वापरावें.

कोणत्या कंपनीचें भिंग श्रेष्ठ, हा वाद कधींहि संपणार नाहीं. तो संपेपर्यंत नाणेघाटाचीं अक्षरें मात्र पाऊसवाऱ्यानें झिजत राहतील, आणि कोठें एखादा जुना वाडा उतरविला जाईल. ज्याच्याजवळ बैठकीला जुळणारें, स्वच्छ असें एक भिंग आहे, त्याच्यापाशीं काम आरंभण्यास पुरेसें साहित्य आहे. त्यानें पुढच्या भिंगाच्या खरेदीची वाट न पाहतां प्रथम आपल्या गांवांतील जें जाऊं पाहत आहे त्याच्यासमोर तिपाई उभी करावी, आणि घेतलेल्या प्रत्येक चित्राखालीं स्थळ व तारीख लिहून ठेवावी. नाणेघाटांत नांवें राहिलीं आणि मुद्रा गेल्या. आपल्या संग्रहांत मुद्रा राहून नांवें जावयास नकोत.