एसीटीएच चाचणी : निदान अवलंबून असते बर्फातील नमुन्यावर

मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून एसीटीएच हे संप्रेरक स्रवते. ३९ अमिनो आम्लांची साखळी असलेले हे संप्रेरक मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल तयार करण्यास उद्युक्त करते. रक्तदाब व रक्तशर्करा टिकविण्यासाठी आणि आजारपणाचा ताण सोसण्यासाठी कॉर्टिसॉल आवश्यक असते.

कॉर्टिसॉलचे प्रमाण बिघडल्यास दोष नेमका कोणत्या ग्रंथीत आहे, हे एसीटीएच चाचणीतून उलगडते. कॉर्टिसॉल कमी आणि एसीटीएच जास्त असल्यास दोष अधिवृक्क ग्रंथीत असतो. या विकाराचे वर्णन थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये केले. क्षयरोग हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. कॉर्टिसॉल कमी असूनही एसीटीएच वाढलेले नसल्यास संशय पीयूषिकेवर जातो. कॉर्टिसॉल जास्त आणि एसीटीएच अत्यल्प असल्यास अधिवृक्क ग्रंथीतील गाठीचा शोध घेतला जातो.

मात्र हे संप्रेरक अत्यंत नाजूक आहे. रक्तातील विकरे त्याचे झपाट्याने विघटन करतात. काचेलाही ते चिकटते. त्यामुळे रक्त ईडीटीए असलेल्या, जांभळ्या झाकणाच्या थंड प्लास्टिक नळीत घेऊन ती तत्काळ बर्फात ठेवतात. थंड सेंट्रिफ्यूजमध्ये रक्तद्रव वेगळा करून तो गोठविला जातो.

रायपूरसारख्या शहरात ही काळजी अधिकच महत्त्वाची ठरते. मे महिन्यात येथील पारा ४० अंशांच्या वर जातो. पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालय (१९६३) आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (२०१२) येथे दूरदूरच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. गावी घेतलेला नमुना बर्फाविना शहरात आणल्यास आकडा खोटाच कमी येऊ शकतो. अशा अहवालामुळे पीयूषिकेतील गाठ दुर्लक्षित राहून उपचारांची दिशाच चुकण्याचा धोका संभवतो. म्हणून नमुना गोठविण्याची सोय असलेल्या केंद्रातच रक्त देणे हितावह ठरते.

एसीटीएचची पातळी पहाटे ते सकाळी सर्वाधिक, तर मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. त्यामुळे नमुना सामान्यतः सकाळी ८ च्या सुमारास, कॉर्टिसॉलच्या नमुन्यासोबतच घेतात. सकाळचे प्रमाण साधारणतः प्रति मिलिलिटर १० ते ६० पिकोग्रॅम असते; प्रयोगशाळेनुसार त्यात थोडा फरक पडतो.

स्टेरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शने, दम्याचे पंप, तसेच त्वचेवरील मलमे यांमुळेही एसीटीएच दबते. बायोटिनच्या गोळ्यांमुळे काही यंत्रांवरील मोजणी चुकू शकते. ही माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. मात्र चाचणीसाठी स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नये. ते एकाएकी थांबविणे जिवावर बेतू शकते.

तीव्र अशक्तपणा, सततच्या उलट्या आणि घसरलेला रक्तदाब यांमुळे अधिवृक्क संकटाची शंका आल्यास अहवालाची वाट पाहिली जात नाही. रक्ताचा नमुना घेऊन हायड्रोकॉर्टिसोन त्वरित सुरू केले जाते.