घट्टे पडलेल्या हातांची शाळा

परवा शेजारची नववीतली मुलगी पुठ्ठ्याचे एक झाड घेऊन दारात उभी राहिली. ‘काका, यावर चार ओळी लिहून द्या ना. पर्यावरणाचा प्रकल्प आहे, उद्या जमा करायचाय.’ कवी म्हटला की शेजारीपाजारी अशी कामे आणतातच. झाड दुकानातून तयार आणलेले होते. मी सहज विचारले, ‘तुमच्या शाळेच्या आवारात कोणती झाडं आहेत गं?’ ती विचारात पडली. म्हणाली, ‘दोन आहेत. नावं नाही माहीत.’

दोष तिचा नाही. पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीने शिकवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. हेतू चांगलाच होता. पण आपल्याकडे चांगला हेतू शाळेच्या फाटकातून आत शिरला की त्याची बघता बघता वही होते, वहीला गुण मिळतात आणि गुण मिळाले की विषय संपतो.

ती गेल्यावर मला अब्बांचे तळहात आठवले. अब्बा साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात राहून शिकले. पुढे सारी नोकरी खुर्चीत बसून झाली, पण हाताचे घट्टे काही गेले नाहीत. पाहुण्यांना ते हात उघडून दाखवत आणि म्हणत, ‘ही माझी मॅट्रिकची सनद.’

भाऊरावांची गोष्ट आपल्याला ठाऊक असते, पण ती बहुधा पुतळ्यापुरती. हा माणूस उमेदीच्या काळात किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरला. नांगर विकताना त्यांनी खेडे पाहिले. पोटापाण्यापुढे शाळा परवडत नाही अशी घरे पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एका पंगतीला बसत. १९२७ साली गांधीजींनी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले.

पण एका पंगतीला बसवायचे, तर ताटात काहीतरी वाढावे लागते. भाऊरावांजवळ पैसा नव्हता. मुलांना उपाशी ठेवायचे नाही म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. गावोगावच्या बायका दळणातले मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. त्याला ‘मुष्टिफंड’ म्हणत. आणि उरलेली बाजू मुलांनी सांभाळायची. शेतात राबायचे, पाणी भरायचे, स्वयंपाकाला हात लावायचा, दगड फोडायचे, आपल्या खोल्यांच्या भिंती आपणच उभ्या करायच्या. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. फी नाही आणि राहण्याची सोय, पण बदल्यात श्रम. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आज शासनाच्या परिपत्रकातही सापडतात. महाराष्ट्राच्या माध्यमिक शिक्षणात त्यांना खरा अर्थ इथे आला.

अब्बा सांगत, सुरुवातीला त्यांना कुदळ धरायची लाज वाटे. ‘घरी आम्ही गरीब होतो, पण शिकणाऱ्याने माती उचलायची नसते असं आम्हालाही वाटायचं.’ मग एका हिवाळ्यात त्यांच्या वाफ्यातला मुळा संध्याकाळी सगळ्यांच्या ताटात आला. तिखट, जून मुळा. कोणी नावे ठेवली नाहीत. ‘त्या दिवशी मला कळलं, आपण काही केलं नाही तर कुणीतरी उपाशी राहतं.’ शाळेचा एवढा मोठा धडा मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

याच सुमारास, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ‘नई तालीम’चा आराखडा केला: सात वर्षे मोफत शिक्षण, मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने. विचार थोर होता. तरी पुढे बऱ्याच शाळांत त्याची टकळी तेवढी उरली. मुले तासाला सूत काढत आणि ते सूत कपाटात पडून राही. त्या सुताची कुणाला गरज नव्हती, हे मुलांना मोठ्यांच्या आधी कळले. साताऱ्याच्या मुळ्याची गरज होती. माझ्या मते फरक एवढाच आहे, आणि तोच सगळा आहे.

ही गोष्ट दुसऱ्या एका माणसाने नेमकी ओळखली. डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट, हिंदुस्तान लीव्हरमध्ये संशोधन, आणि हे सारे सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातल्या पाबळ या कोरडवाहू गावी विज्ञान आश्रम. गावच्या हायस्कुलातल्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचे: वेल्डिंग आणि सुतारकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य. कामही खोटे नाही. शाळेची मोडकी बाके दुरुस्त करायची, सिमेंट-जाळीची पाण्याची टाकी बांधायची, रक्तगट तपासायचे, मातीची परीक्षा करायची. गावाला त्याची गरज असे आणि गाव त्याचे पैसे मोजे. काम बिघडले तर गिऱ्हाईक तोंडावर सांगे. १९८७ साली माध्यमिक शिक्षण मंडळाने हा विषय म्हणून मान्य केला. नापास म्हणून गावाने सोडून दिलेली पोरे इथे हुशार निघाली, कारण त्यांची हुशारी हातात होती आणि तोवर ती कुणी विचारलीच नव्हती.

आता पुन्हा एक संधी दारात आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहे. त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकायचे. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. या दहा दिवसांचीही वही होईल का? कुंभाराच्या चाकाजवळ फोटो काढून मुले बसने परत येतील का?

सहलीचेही तसेच. आपल्या सहली आता पाण्याच्या घसरगुंड्यांवर जातात. जाऊ देत, मुलांनी खेळावे. पण वर्षातून एकदा तरी शाळेमागच्या ओढ्याच्या काठाने उगमापर्यंत चालत जावे. पाणी कुठे काळे होते, कुणाच्या गटारामुळे होते, हे मुलांनी डोळ्यांनी पाहावे आणि ग्रामसभेत उभे राहून सांगावे. त्या सहलीला खर्च नाही. धाडस मात्र लागते, कारण त्या गटारांत एखादे आपल्याच घरचे असते.

भाऊराव १९५९ साली गेले. रयतच्या बोधचिन्हावर वडाचे झाड आहे. वडाच्या पारंब्या जमिनीला टेकल्या की त्यांचीच खोडे होतात. टेकल्या नाहीत, तर नुसत्या हवेत लोंबतात.

शेजारच्या मुलीला मी चार ओळी दिल्या नाहीत. म्हटले, आधी त्या दोन झाडांची नावे विचारून ये. दुसऱ्या दिवशी ती धापा टाकत आली. ‘काका, एक करंज आहे आणि एक कडुनिंब. शिपाईमामांना माहीत होतं. त्यांनीच लावलेत ते.’

त्या शाळेतला पर्यावरणाचा खरा शिक्षक इतकी वर्षे घंटा वाजवत होता.