प्रतिजैविकांचे द्रावक निष्कर्षण

द्रावक निष्कर्षण ही किण्वनातून तयार झालेल्या द्रवातून प्रतिजैविक वेगळे करून ते शुद्ध करण्याची पद्धत आहे. तीत पाण्यात सहज न मिसळणारा सेंद्रिय द्रावक वापरतात. पेनिसिलिन हे या पद्धतीचे सर्वांत परिचित उदाहरण होय.

तत्त्व

पेनिसिलिन हे दुर्बल आम्ल आहे. द्रवाचा सामू (पीएच) २ ते २.५ पर्यंत उतरवल्यास त्याचे बहुतेक रेणू विद्युतभाररहित होतात आणि ब्युटिल ॲसिटेटसारख्या द्रावकात शिरतात. सामू ७ च्या आसपास असलेल्या पाण्याशी हा द्रावक घुसळल्यास पेनिसिलिन क्षाररूपाने पाण्यात परत येते. दोन्ही टप्प्यांत काही अशुद्ध द्रव्ये मागे राहतात.

मात्र आम्लात पेनिसिलिनचे झपाट्याने विघटन होते. सामू २ असताना २४° से. तापमानाला सुमारे २० मिनिटांत, तर ०° से. तापमानाला सुमारे चार तासांत ते निम्मे उरते. त्यामुळे द्रव थंड ठेवणे आणि निष्कर्षण लवकर उरकणे अत्यावश्यक ठरते.

इतिहास

१९३२ मध्ये लंडन येथे हॅरल्ड रेस्ट्रिक व सहकाऱ्यांनी पेनिसिलिन ईथरमध्ये उतरवले. पण ईथर उडवून देताना त्याची क्रियाशीलता नाहीशी झाली. ऑक्सफर्ड येथे नॉर्मन हीटली यांनी १९४० च्या सुमारास ते ईथरमधून पुन्हा पाण्यात आणण्याची युक्ती सुचवली. तरीही उत्पादन तुटपुंजेच होते. १९४१ मध्ये पहिल्या रुग्णावर उपचार करताना त्याच्या लघवीतूनही पेनिसिलिन परत मिळवावे लागले. अखेर साठा संपला आणि सुधारू लागलेला रुग्ण दगावला.

औद्योगिक प्रक्रिया

किण्वित द्रवातील कवकजाल प्रथम गाळून काढतात. गाळलेला द्रव थंड करून त्यात सल्फ्युरिक आम्ल मिसळतात. केंद्रोत्सारी यंत्रात द्रावक आणि पाणी यांचे थर अल्पावधीत वेगळे होतात. प्रथिनांमुळे बनणारे पायस फोडण्यासाठी विशेष रसायने घालतात. रंगद्रव्ये सक्रियित कोळशाने काढून, पोटॅशियम ॲसिटेटच्या साहाय्याने पेनिसिलिनचे स्फटिक मिळवतात. वापरलेला द्रावक ऊर्ध्वपातनाने शुद्ध करून पुन्हा वापरतात. हे द्रावक ज्वालाग्राही असल्याने आगीपासून विशेष दक्षता घ्यावी लागते.

महाराष्ट्रातील उत्पादन

पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या तेथील कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पुढे तेथे स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले.

मर्यादा

ही पद्धत सर्व प्रतिजैविकांना लागू पडत नाही. एरिथ्रोमायसिन अल्कधर्मी असल्याने त्याचे निष्कर्षण उच्च सामूला करतात. स्ट्रेप्टोमायसिन पाणी सोडून अशा द्रावकांत जात नाही. त्याच्या शुद्धीकरणासाठी आयन-विनिमय राळ वापरतात.