किका मारूनही जुनी गाडी चालू होत नाही? खर्च करण्याआधी पेट्रोल की करंट ते ओळखा

पिंपळगाव राजा (ता. खामगाव) : रात्रीची लाइन आली, वावरात पाणी द्यायला जायचे आहे आणि गाडी वीस किका मारूनही दाद देत नाही, असे आपल्याकडे घरोघरी होते. खेड्यापाड्यात अजूनही सीडी हंड्रेड, स्प्लेंडर, बॉक्सर अशा जुन्या गाड्याच जास्त राबतात. सीडी हंड्रेड १९८५ ची, स्प्लेंडर १९९४ ची. हिरो आणि होंडा वेगळे होऊन २०११ मध्ये कंपनीचे नाव बदलले, म्हणजे टाकीवर 'हिरो होंडा' लिहिलेली गाडी आता म्हातारीच समजायची. पण या गाड्यांची रचना साधी आहे, बिघाड घरच्या घरी ओळखता येतो. नाहीतर गॅरेजमध्ये गेल्यावर दोष कॅपमध्ये असतो आणि सीडीआय बदलून येते.

इंजिनला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल-हवा, दाब आणि वेळेवर ठिणगी. किक नेहमीसारखी जड लागत असेल तर दाब बहुतेक ठीक आहे. किक एकदम हलकी पडत असेल तर वॉल्व्ह किंवा रिंगचे काम आहे, ते मिस्त्रीकडेच.

आधी फुकटाच्या गोष्टी पाहा. कॉक बंद आहे का, रिझर्व्हला टाकून पाहिले का, थंडीत चोक ओढला का. टाकीचे झाकण उघडून पाहा. उघडताना फुस्स आवाज आला आणि नंतर गाडी चालू झाली, तर झाकणाचे हवेचे छिद्र चिखलाने बुजले आहे.

मग प्लग काढा. इंजिन थंड होऊ द्या, गरम हेडमध्ये आटे खराब होतात. प्लगच्या भोवतालचा चिखल आधी पुसा, नाहीतर माती थेट सिलिंडरमध्ये पडते. प्लग बराच काही सांगतो. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. ओला असेल तर पेट्रोल येते, पण जळत नाही. काजळीने काळा असेल तर एअर फिल्टर चोंदला असेल किंवा पेट्रोल जास्त जात असेल. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर उत्तम.

आता ठिणगी पाहायची. इथे घाई करू नका. प्लग कॅपमध्ये घालून त्याचे लोखंडी अंग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. ओल्या इंजिनमधून किक मारताना त्या भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो आणि समोर ठिणगी असली की भडका. कडब्याच्या गंजीजवळ किंवा सोंगलेल्या सोयाबीनच्या ढिगाजवळ हे काम करूच नका. प्लग उघड्या हातात धरू नका, हजारो व्होल्टचा झटका बसतो. आणि प्लग हवेत लोंबकळत ठेवून किका मारू नका, त्याने चांगली कॉइल किंवा सीडीआय जाऊ शकते.

निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी चांगली. लालसर, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर पहिल्यांदा नवा प्लग लावून पाहा. जुन्या स्प्लेंडरसारख्या गाडीत फट साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर असावी. तरी नाही, तर कॅप फिरवून वायरवरून काढा. आतली तार हिरवी पडलेली असेल तर वायरचे टोक बोटाच्या अर्ध्या पेराएवढे कापा आणि कॅप पुन्हा घट्ट फिरवून बसवा. पावसाळ्यात बंद पडलेल्या कित्येक गाड्या एवढ्यावरच चालू होतात. कॉइलचा बोल्ट गंजला असेल तर तिथली अर्थ घासून घ्या. गोठ्यात उभ्या गाडीची वायर उंदरांनी कुरतडली आहे का, तेही पाहा.

यानंतर चावीचा स्विच. जुन्या किकवाल्या हिरो होंडात करंट मॅग्नेटमधून येतो, बॅटरीतून नाही. म्हणून हॉर्न मेलेला असला तरी गाडी चालू होते. चावी बंद केली की स्विच सीडीआयच्या एका वायरला अर्थ देतो आणि ठिणगी थांबते. स्विचमध्ये पाणी शिरले तर ती अर्थ कायमच लागून राहते. ही वायर बहुतेक काळी, पांढऱ्या पट्ट्याची असते. तिचा जोड सीडीआयजवळ सोडवून किक मारा. ठिणगी आली तर दोष स्विचचा, सीडीआय चांगली आहे. एक लक्षात ठेवा, आता गाडी चावीने बंद होणार नाही. गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून बंद करावी लागेल. आणि चावीशिवाय ती कोणीही चालू करू शकतो, म्हणून स्विच लवकर दुरुस्त करा.

तरीही ठिणगी नसेल तर मॅग्नेटमधली कॉइल आणि पिकअप मिस्त्रीकडून मीटरवर मोजून घ्या. सीडीआय शेवटी. तीसुद्धा आधी त्याच मॉडेलच्या शेजाऱ्याच्या गाडीची लावून पाहा, मग विकत घ्या. गरम झाल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते, अशा तक्रारीत कॉइल किंवा पिकअपवर पहिला संशय घ्यावा. मात्र गाडी बंद पडल्याबरोबर, गरम असतानाच ठिणगी तपासायची. थंड झाल्यावर सगळे ठीकच दिसते.

राजदूतसारख्या पॉइंटच्या गाड्यांत सीडीआय नसते. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासा, स्वच्छ कपड्याने पुसा. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर गेला.

सेल्फवाल्या गाडीत नुसता कट्-कट् आवाज येत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलवर पांढरी भुकटी जमली आहे. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून ती धुवा, कोरडी करा, मग आवळा.

ठिणगी चांगली असेल तर दोष पेट्रोलकडे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. पाऊस टाकीत झिरपला की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसते, आणि कार्बोरेटरला पहिले तेच जाते. कार्बोरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या आणि थोडा वेळ स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करावी लागेल. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर हा स्क्रू उघडून कार्बोरेटर कोरडा करून ठेवा.

आणि फवारणीचा पंप लावून गाडी धुता तेव्हा चावीचे भोक, प्लग कॅप आणि सायलेन्सरचे तोंड यांच्यावर धार मारू नका.