कार्बोरेटरवरचा आरोप

शेव्हरलेची १९६७ ते १९७२ या काळातली सी-१० पिकअप अमेरिकेत आजही जिवापाड जपली जाते. तिचे व्ही-८ इंजिन रेस देताना कार्बोरेटरमधून फटके मारू लागले आणि सिग्नलला उभे असताना बंद पडू लागले, की मालक आणि मिस्त्री दोघांचाही निर्णय ठरलेला असतो: कार्बोरेटर गेला. मग तो उतरवायचा, खोलायचा, धुवायचा, पॅकिंगचा संच बदलायचा आणि तेवढ्याने भागले नाही तर नवा आणायचा. जुन्या पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत हे मत आपल्याकडेही तितकेच रूढ आहे. माझ्या मते ते मुळातच चुकीच्या जागी बोट ठेवते, आणि त्यापायी चांगले कार्बोरेटर नाहक खोलून खराब केले जातात.

पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून तो आधी नीट मांडतो. गाडी बराच काळ उभी राहिली की पेट्रोलचा चिकट थर जेटमध्ये बसतो. इथेनॉल मिसळलेले इंधन जुन्या रबराला सोसत नाही. जेट तुंबला की मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते. असे पातळ मिश्रण संथ जळते, पुढच्या खेपेला इनटेक व्हॉल्व्ह उघडेपर्यंत सिलिंडरमध्ये धग टिकते आणि ती मागे मॅनिफोल्डमधल्या मिश्रणाला पेटवते. शिवाय कार्बोरेटर धुतल्यावर गाडी सुधारल्याचा अनुभव अनेकांच्या गाठीशी असतो.

यातली प्रत्येक पायरी खरी आहे. चूक होते ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात. कार्बोरेटरमध्ये आग नसते. मॅनिफोल्डमध्ये बार उडायचा तर इनटेक व्हॉल्व्ह उघडा असताना सिलिंडरमध्ये आग हवी. एरवी ठिणगी पडते ती दाबाच्या शेवटी, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, आणि तिथून इनटेक उघडेपर्यंत क्रँकशाफ्टचा जवळजवळ एक पूर्ण फेरा होतो. इतका वेळ आग टिकायला मिश्रण फार पातळ लागते, नाहीतर ठिणगी फार उशिरा पडावी लागते. तिसरी शक्यता म्हणजे ठिणगीच भलत्या सिलिंडरला जाणे. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२ आहे आणि दर ९० अंशांना एक सिलिंडर पेटतो. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला डेल्को म्हणतात त्याच्या, टोपीला बारीक तडा जाऊन कार्बनची वाट तयार झाली आणि ठिणगी दोन घरे पुढच्या सिलिंडरला गेली, तर तिथला पिस्टन १८० अंश मागे, म्हणजे तळाशी असतो. त्याचा इनटेक अजून बंद झालेला नसतो. मग फटका बसतो कार्बोरेटरच्या तोंडातून, आणि आवाज तिथून आला म्हणून दोषही त्याच्याच माथी मारला जातो.

बंद पडण्याची तऱ्हाही बारकाईने पाहायला हवी. पेट्रोल कमी पडले तर इंजिन अडखळते, ओढ सोडते आणि हळूहळू मरते. वीज तुटली तर चावी फिरवल्यासारखे क्षणात थांबते. आणखी एक खूण मला निर्णायक वाटते. स्टार्टर फिरत असताना इंजिन पेटते आणि चावी सोडताच बंद पडते. स्टार्ट करताना कॉइलला सोलेनॉइडवाटे बॅटरीची थेट वीज मिळते. चावी मागे आली की तीच वीज रेझिस्टन्स वायरमधून कमी होऊन येते. ही वायर तुटली किंवा चावीच्या स्विचमधला संपर्क गेला तर नेमके असेच घडते. चावी कुठल्या घरात आहे हे कार्बोरेटरला कळायचा काही मार्ग नाही.

फटके आणि बंद पडणे एकत्र आले, तर मी सर्वांत आधी पॉइंट ज्या प्लेटवर बसतात तिची अर्थिंगची बारीक वायर पाहीन. व्हॅक्यूम ॲडव्हान्स ही प्लेट सतत पुढेमागे ओढतो. वर्षानुवर्षे वाकून वायरच्या आतल्या तारा तुटतात, पण वरचे आवरण शाबूत दिसते. पाय दाबला की व्हॅक्यूम बदलतो, प्लेट हलते, संपर्क तुटतो, इंजिन फटका मारते आणि मरते. पाय दाबल्यावर होते म्हणजे कार्बोरेटरच, असा ग्रह इथे हमखास होतो. तापल्यावर दगा देणारा कंडेन्सरही असाच फसवतो.

टायमिंग चेनचा विचार तर क्वचितच कोणी करतो. त्या काळात जनरल मोटर्सने कॅमच्या ॲल्युमिनियम चाकाला नायलॉनचे दात बसवले होते. उष्णतेने ते तडकतात, चेन ढिली पडते आणि व्हॉल्व्ह उशिरा उघडू-मिटू लागतात. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून क्रँकशाफ्ट हाताने एका दिशेला, मग उलट फिरवावा. रोटर लगेच हलला नाही तर चेन सैल आहे. टायमिंग लाइटवरही आंधळा भरवसा नको, कारण क्रँकच्या पुलीमागच्या डॅम्परचे बाहेरचे कडे रबरावरून सरकलेले असू शकते आणि मग खूणच खोटी ठरते. एक्झॉस्टचा कॅम झिजला असेल तर जळालेला वायू बाहेर न पडता इनटेक उघडताच मागे उसळतो. तो फटका ठरावीक ठेक्यात, त्याच सिलिंडरमधून येत राहतो. व्हॉल्व्ह कव्हर काढून रॉकरची उचल पाहिली की हे उघड होते.

मग धुतल्यावर गाडी सुधारते ती कशी? कार्बोरेटर उतरवला की खालचे पॅकिंग नवे पडते, होज पुन्हा घट्ट बसतात, वायरी हलतात. बाहेरची हवा ओढणारी फट अशी नकळत बुजते आणि श्रेय धुण्याला मिळते. हा काकतालीय न्याय झाला. खरे कारण अन्वय-व्यतिरेकाने पारखता येते. गरम इंजिन चालू असताना, चेहरा लांब ठेवून, चोक थोडा मिटावा. फटके कमी झाले तर मिश्रण पातळ आहे. फरक पडला नाही तर कार्बोरेटरला हात लावू नये. पातळ ठरले तरी मॅनिफोल्डचे पॅकिंग, व्हॅक्यूमच्या नळ्या आणि ब्रेक बूस्टरची होज आधी तपासावी. व्हॅक्यूम गेज समुद्रसपाटीजवळ १७ ते २१ इंचांवर स्थिर असेल तर इंजिन धड आहे. काटा स्थिर पण खाली असेल तर टायमिंग उशिराचे आहे किंवा कुठूनतरी हवा शिरते आहे.

कार्बोरेटरचे नव्वद टक्के बिघाड मुळात विजेचे असतात, अशी अमेरिकन गॅरेजमधली म्हण आहे. तीही मला मान्य नाही, कारण ती एका अंदाजाच्या जागी दुसरा अंदाज बसवते आणि तपासणी टाळतेच. कार्बोरेटर कधी खरोखर दोषी असतो, आणि तेव्हा तसा पुरावाही मिळतो. इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढावा आणि थ्रॉटल हाताने उघडावा: पेट्रोलची धार तत्क्षणी आणि जोरात पडली पाहिजे. ती उशिरा किंवा लुळी पडत असेल, तर पहिल्याच दाबाला येणारा फटका ॲक्सिलरेटर पंपाचा आहे. क्वाड्राजेट जातीचा कार्बोरेटर असेल तर पेट्रोल आत येते त्या तोंडाशी बसवलेला छोटा फिल्टरही काढून पाहावा. तो तुंबलेला असला की चढावर ओढ हळूहळू जाते.