आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एमआरआय ज्या तत्त्वावर चालतो, ते म्हणजे एनएमआर. मोठ्या चुंबकात ठेवलेली अणुकेंद्रकं रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात आणि त्यावरून रेणूची रचना उलगडते. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी अल्कोहोलमधल्या तीन प्रकारच्या हायड्रोजनचे तीन वेगळे सिग्नल दाखवले. हेच धर्मट्टी पुढे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये आले आणि त्यांनी तिथे एनएमआरचं काम उभं केलं.

अल्कोहोल द्रव असतं. त्यातले रेणू सतत गरगरतात, म्हणून सिग्नल रेखीव येतात. घन पदार्थात रेणू जागचे हलत नाहीत आणि सिग्नल फासटले जातात. यावर १९५८ मध्ये वेल्समधल्या बँगोरच्या रेमंड अँड्र्यू यांनी उपाय काढला: नमुना ५४.७ अंशांत कलता ठेवून भन्नाट वेगानं फिरवायचा.

यंत्राचा प्रश्न सुटत गेला, तरी प्रथिनांचे सिग्नल बराच काळ धूसरच राहिले. घन नमुना हवा म्हणून प्रथिन गोठवून सुकवलं जाई. पण पाणी गेलं की प्रत्येक रेणू जरा वेगळ्या आकारात अडकतो. मग हजार चेहरे एकावर एक छापल्यासारखा सिग्नल येतो.

२००० च्या सुमारास बर्लिनमध्ये हार्टमुट ऑशकिनाट यांच्या गटानं प्रथिन सुकवलंच नाही. द्रावणातून त्याचे अतिसूक्ष्म स्फटिक पाडले आणि तो ओला लगदा बोटाच्या पेरापेक्षाही बारीक नळीत भरला. साध्या कार्बनमध्ये एनएमआरला दिसणारा कार्बन-१३ जेमतेम १.१ टक्के असतो. म्हणून प्रथिन बनवणाऱ्या जिवाणूंना कार्बन-१३ असलेलं ग्लिसरॉल खाऊ घातलं, तेही असं, की प्रथिनातल्या ठरावीक जागाच उजळाव्यात. २००२ साली ६२ अमिनो आम्लांच्या या स्पेक्ट्रिन एसएच३ प्रथिनाची पूर्ण रचना 'नेचर'मध्ये छापून आली. फिरत्या घन नमुन्यावरून मिळालेली ही पहिलीच अशी रचना.

अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे अमायलॉइड तंतू पाण्यात विरघळत नाहीत आणि त्यांचे मोठे स्फटिकही होत नाहीत. अशा रेणूंना जवळून पाहायला घन-अवस्था एनएमआर फार मोलाचं आहे.

कोड लिहिणाऱ्या आम्हा लोकांना प्रोसेसरच्या वेगाचं फार कौतुक. पण डेटाच बिघडलेला असेल तर वेगाचं करायचं काय? इथे डेटा म्हणजे चिमूटभर लगदा होता, आणि तो ओला ठेवायचं सुचलं तेव्हा कुठे चित्र स्पष्ट झालं.